हात दाखव

प्रिय पवारसाहेब,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण असू दे. तुमाला जाऊन बारा दिवस झाले. तुमच्या मॅनेजरच्या खुर्चीत आता मला बसवलंय. आज सकाळी जानू दोन दिवसांनी कामावर आला, तापाची चिठ्ठी घेऊन. माझ्या तोंडून निघालं, "हात दाखव." आवाज हुबेहूब तुमचा! म्हणून लिहितोय.

आठवतं ना? पावसात भाताची रोपं लावायची आवणी लागली की मुरबाडच्या आपल्या कारखान्यात निम्मे लोक आजारी पडायचे. परत आले की गेटवर तुमी उभे. चिठ्ठी वाचायची नाय, नखं बघायची. आवणीचा चिखल नखांत चार दिवस बसतो, हे तुमाला बरोबर ठाऊक. कसं ठाऊक, हे आमी कधी विचारलंच नाय!

वैशाखरे गावचा काशिनाथ. अकरा वर्षं एकाच मशीनवर. त्याचे हात वर धरून सगळ्यांना दाखवलेत. "बघा रे, ताप नखांतून बाहेर आलाय!"

तो म्हणाला, "सायब, दोनच दिस गेलो. घरात दुसरं कोन नाय. भात गेलं तर वरीसभर खाऊ काय?"

"चिखल खा."

सगळे हसले. मी पण. बी.ए. झालेला, गोष्टी लिहिणारा मी, सगळ्यांत मोठ्यानं. त्याच दिवशी त्याला काढलात. आता तो टोकावड्याला ढाब्यावर भांडी घासतो. नखं एकदम साफ आहेत त्याची.

आणि तुमी? रजिस्टरात लिहिलंत 'ठाण्याला मीटिंग'. आणि शहापूरकडच्या तुमच्या गावी, स्वतःच्या शेतात, आवणी करताना छातीत कळ येऊन पडलात! शेवटची आंघोळ घालताना पाणी मी ओतत होतो. तुमच्या पोरानं हात चोळचोळ चोळले. नखांतला चिखल काय निघाला नाय.

मला रडू आलं नाय. हसू दाबलं.

एकदा तरी म्हणायचं होतंत, "काशिनाथ, माझंपण शेत आहे रे. आधी तू जा, मग मी जातो." एवढंच! खांदा द्यायला रांग लागली असती. कारखान्यातून किती आले, ठाऊक आहे? मी एकटा. तोही बघायला.

जानूच्या नखांत चिखल होताच. चिठ्ठी त्यालाच फाडायला लावली. अर्जावर 'आवणी' लिहून घेतलं, अजून दोन दिवस सोडलं. उद्या काशिनाथला बोलवायला जातोय. शिव्या देईल. निम्म्या तुमच्या, निम्म्या माझ्या.

आणि हे वचन. रजिस्टरातलं तुमचं 'मीटिंग' लाल पेनानं खोडून तिथं 'आवणी' लिहीन. ते पान गेटवर उघडं ठेवीन. येताजाता सगळे वाचतील.

आता हात तुमी दाखवा.

तुमच्या खुर्चीतला,
दिलीप