चटका न कळणारा पाय

आण्णा, आज एका म्हाताऱ्याशी तुमच्याबद्दल बोलले, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी आता मुरगूडकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. दर मंगळवारी साठीपुढच्या माणसांची शुगर आणि बीपी बघते, पोटाचा घेर टेपनं मोजते. "सिस्टर, सदरा शिवणार हाय काय?" हा विनोद प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच सुचला. मी हसते आणि टेप आवळते. माझ्यासमोर बसलेला माणूस न तपासता सहसा उठत नाही, हे जरा टेचातच सांगते. पोरगी तुमचीच आहे.

तुम्ही गुळव्या. गुळासाठी काहिलीत उकळणारा उसाचा रस कधी उतरवायचा ते तुमच्याशिवाय गुऱ्हाळावर कुणी ठरवायचं नाही. मी नववीत असेन. तुम्ही काहिलीखालच्या चुलवाणापाशी अनवाणी उभे आहात, कुणाशी तरी बोलताय, आणि जाळ घालणारा गडी तुम्हाला एकदम मागं ओढतो. टाचेखाली निखारा. कातडं जळल्याचा वास मला येतोय, आणि तुम्ही विचारताय, "काय झालं रं?" सगळं गुऱ्हाळ कौतुकानं बघत राहिलं. "ह्येला म्हणायचं गुळव्या. चटका बी कळत न्हाय गड्याला." मीही शाळेत जाऊन हेच फुशारकीनं सांगितलं. पायातल्या नसा मेल्या असतील, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा, तर तो जाळापुढच्या कामाचा शोष. पोट सुटलं, तर खात्यापित्या घरचा माणूस. सगळ्याला आमच्याकडं उत्तर तयार होतं.

ती जखम हळद भरून भरून मिटवली. तीन वर्षांनी त्याच पायाला पुन्हा झाली, ती मिटलीच नाही. बोटं काळी पडल्यावर कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "शुगर किती वर्षांची?" आई म्हणाली, "त्यास्नी शुगर न्हाय." तुमच्या बोटातून तपासणीचं रक्त काढलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. गुडघ्याखाली पाय गेला आणि वर्षाच्या आत तुम्ही. गुळानंच घात केला, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. नुसत्या गुळानं होत नाही, हे मी नंतर शिकले. आजोबाही असेच पाय सुजून गेलेले, आपण कधी विचारलंच नाही. मला अजून राग येतो, तुमचा आणि आम्हा सगळ्यांचा.

आजचा म्हातारा बायकोच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आला होता. चपलेत रक्त दिसलं म्हणून पाय वर घ्यायला लावला, तर तळव्याला रुपयाएवढी जखम. म्हणाला, "कापलं तरी दुखत न्हाय मला. रानातला पाय हाय ह्यो." तोच ताठा, आण्णा. रक्त द्यायला तयारच होईना. खरं सांगून मी दोनचार माणसं घालवलीत. तुमचा पाय तोडला हे ऐकलं की घाबरून उठतात ते परत येत नाहीत. म्हणून खोटं बोलले, नेहमी बोलते तेच. म्हटलं, माझे वडील गुळव्या, त्यांनाही चटका कळायचा नाही, पण वेळेत तपासलं, गोळ्या घेतल्या, आता ऐंशीला टेकलेत.

"हाईत व्हय अजून?"

"हाईत की. सकाळी फिराय जात्यात."

त्यानं बोट पुढं केलं. शुगर चारशेच्या वर. गाडी बोलावून तासाभरात त्याला कोल्हापूरला धाडलं. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, पाय वाचेल म्हणाले. मला खोट्याची लाज वाटत नाही, उद्याही बोलणार आहे.

फक्त एक सांगायचं राहिलं. गाडीत बसताना तो म्हणाला, "आण्णास्नी माझा नमस्कार सांगा." मी "सांगते" म्हटलं. आणि ड्युटी संपल्यावर, तुम्ही घरी वाट बघत असल्यासारखी, स्कूटी जोरात मारत आले.