शेळ्या, गोठा आणि गडग्यातली वाट

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. मु. पो. अलोरे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी.

आज सकाळी दूध काढून झाले. नऊच्या सुमारास माझा पुतण्या नितेश एका अनोळखी माणसाला घेऊन आला. त्या माणसाने माझ्या पाचही शेळ्यांच्या कमरेवर अंगठा दाबून पाहिला आणि तो निघून गेला. दुपारी जेवून मी हे लिहावयास बसलो.

मी, गंगाराम केरू भुवड, वय ६७, निवृत्त भांडारपाल, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून अगर धाकाने नव्हे, तर माझ्या राजीखुशीने करीत आहे. माझी प्रकृती ठीक आहे. साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, आजची तारीख विचारली आणि पुतण्याचे नाव विचारले. दोन्ही आठवले. दुसरे आज विसरण्यासारखे नव्हते.

माझी पत्नी सीता गेल्या मार्गशीर्षात वारली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. ते करावयाचे असे आम्ही दोघांनी ठरवले होते. ती आधी जाईल हे त्यात धरले नव्हते.

१. राहते घर, त्याखालची जागा आणि बँकेतील ठेव माझा मुलगा विनीत यास मिळावी. तो मुंबईस नोकरीला आहे. त्याला फोनवर सर्व वाचून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, घर चालेल. शेळ्या नकोत. त्या मला ओळखत पण नाहीत." हे खरे आहे. गेल्या वर्षी गणपतीला आला होता तेव्हा एकीने त्याच्या चार्जरची वायर खाल्ली. सीता शेळीच्या दुधाचा साबण करून विकत असे. त्याच्या वेष्टणासाठी विनीतने एका पांढऱ्याशुभ्र शेळीचे चित्र छापून आणले होते. सीता म्हणाली, "ही कोणाची? आपल्या तर सगळ्या काळ्या." त्या वेष्टणांचे गठ्ठे माळ्यावर आहेत. तेही विनीतला मिळावेत.

२. माझा धाकटा भाऊ रावजी याने आपला बोकड कायम आमच्या गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूस बांधला. बोकड जवळ असला की दुधाला त्याचा वास लागतो आणि तो साबणातही उतरतो. सीता त्याला वारंवार सांगे, "भावोजी, तेवढा पलीकडं बांधा." तो म्हणे, "वहिनी, बोकडाला बोकडाचाच वास येणार. अत्तराचा कुठून आणू?" हद्दीवरच्या ज्या फणसावरून आमच्यात वाद आहे, तो फणस मी रावजीस देतो. त्याचा पाला शेळ्यांना घालण्यास त्याने हरकत घेऊ नये. बोकडाविषयी मी काही लिहीत नाही. लिहिले तरी तो तिथेच बांधील.

३. पाच शेळ्या, त्यांना पुढे होतील ती करडे, गोठा, मागची पडवी, पडवीतील साचे, वजनकाटा, ब्लेंडर, फ्रीजर, कोकमतेलाचे डबे आणि माळ्यावर वाळत असलेला साबण हे सर्व सौ. तेजल महेंद्र गमरे, राहणार बौद्धवाडी, यांस मिळावे. त्यांनी ते ठेवावे अगर विकावे, ही त्यांची मर्जी.

याचे कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. पण भावकी विचारणार, म्हणून लिहितो.

तेजल आमच्याकडे साबणाच्या वड्या कागदात गुंडाळावयास येत असे. सीता गेली आणि भुवडांच्या सगळ्या वाडीला सुतक लागले. सुतकात आम्ही अंगाला साबण लावत नाही आणि आमच्या हातचे कोणी घेत नाही. रावजी म्हणाला, "सुतकातल्या हातानं काढलेलं दूध विकायचं नाय." गोठ्यात कोणी शिरेना. शेळ्यांना यातले काही माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कासा ताठल्या आणि त्या ओरडू लागल्या. मी धार काढावयास गेलो. सीताशिवाय त्यांना कोणाचा हात चालत नसे. लाथा खाऊन परत आलो.

तेवढ्यात तेजल आली. ओटीवर सगळे बसलेले होते. रावजी म्हणाला, "तू कशाला आलीस? हितं सुतक हाय."

ती म्हणाली, "म्हणून तर आले. तुमच्या हातचं तेरा दिस कोण घेणार नाय, रावजीकाका. तेराच दिस हायत. आमच्या आजीनं जन्म काढला."

तिने दोरीवरचे सीताचे जुने पातळ ओढले, अंगाभोवती गुंडाळले आणि गोठ्यात जाऊन बसली. शेळ्यांनी पातळ हुंगले व त्या शांत उभ्या राहिल्या. ती मला पाठमोरी दिसत होती. मी घरात गेलो.

तेरा दिवस तिने दोन्ही वेळा धार काढली आणि दूध गोठवून ठेवले. साबणाचा कॉस्टिक सोडा न गोठवलेल्या दुधात टाकला की दूध तापून जळते, म्हणून आधी त्याचा बर्फ करतात. हे तिने सीताकडे पाहून ठेवले होते. पुढे त्याच दुधाचा साबण झाला. तो वाळून तयार झाल्यावर रावजीने दोन वड्या घरी नेल्या. त्याने तक्रार केली नाही.

तेव्हापासून साबण व भेगांचे मलम तीच करते. मी वजन करतो आणि पार्सलांवर पत्ते लिहितो.

आज सकाळी तो माणूस गेल्यावर मी नितेशला विचारले, "कोण होता?" तो म्हणाला, "नुसतं बघून ठेवलं, तात्या. तुमच्यामागं यांना कोण सांभाळणार?" तेजल दुधाचे भांडे विसळत होती. ती म्हणाली, "कंबर दाबली त्यानं. दूध काय कमरंतून येतं?" नितेश चप्पल घालून गेला. मी काही न लिहिता गेलो तर या शेळ्या कोणाच्या सुरीखाली जातील, ते मला तेव्हा समजले.

४. गोठा दिला आणि वाट दिली नाही, तर काहीच दिले नाही. बौद्धवाडीकडून आमच्या परसात यावयास हद्दीच्या दगडी गडग्यात फट होती. सुतकाचे दिवस तेजल तेथूनच आली. ते संपल्यावर रावजीने फट दगडांनी बुजवली. म्हणाला, "सुतक फिटलं. आता वाट कशाला?" तेव्हापासून ती रस्त्याने वळसा घालून येते. गडगा माझ्या हद्दीत आहे. त्या ठिकाणाहून येण्याजाण्याचा आणि परसातील विहिरीचे पाणी भरण्याचा हक्क मी तेजल व तिच्या वारसांना कायमचा देत आहे. विनीतने घर घ्यावे ते हा हक्क मान्य करून घ्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

५. माझ्यामागे ज्यांना सुतक पाळावयाचे आहे त्यांनी पाळावे. शेळ्यांची धार त्या दिवसांतही दोन्ही वेळा निघावी.

सही: गंगाराम केरू भुवड

गंगाराम भुवड यांनी वरील मजकूर स्वतः मोठ्याने वाचला व आम्हा दोघांच्या देखत सही केली. त्यांच्या देखत आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. सर्वेश पाष्टे, चिपळूण
२. श्रीमती ज्ञानेश्वरी शिगवण, निवृत्त शिक्षिका, अलोरे

स्थळ: अलोरे. दिनांक: ९/११/२०२५

यापुढील मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही.

साक्षीदार चहा घेऊन गेले. उजेड होता. मी परसात जाऊन फटीतले दगड एकेक काढून बाजूला रचले. सर्वांत खालचा मोठा चिरा एकट्याने हलेना. तो तसाच ठेवला. पायरीला बरा आहे.