आपोआप सुटलेली बंदूक

२ जानेवारी १९१३, जव्हार

आज कावसशेठ दुकानात आला. वर्ष झालं, या पायरीवर गिऱ्हाईक चढलं नाही, आणि चढला तो हा!

बसला. पाणी मागितलं. दिलं. म्हणाला, शिडाचं गलबत घेऊन लखदीव बेटांकडे निघालोय, हौसेखातर. पाखरं, कासवं, मोठे मासे — सगळं बघायचं, जमेल ते मारायचं. खाऱ्या हवेत बंदुका गंजतात, म्हणून बंदुकांचा कारागीर सोबत पाहिजे.

"तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा भरवसा नाही, मंसूर."

हेच तोंड गेल्या साली पंचांसमोर काय बोललं होतं? पोशेऱ्याच्या रानात शिकारीचा हाका चालू होता, बंदूक आपोआप सुटली — मंसूरने नुकतीच दुरुस्त केलेली, घोडा धरत नव्हता. गोळी लागली ती हाकाऱ्यांत उभ्या असलेल्या अब्दुलभाईला. माझ्या सख्ख्या भावाला. पंचांनी मान डोलावली. सगळ्या जव्हारने डोलावली. भावाला मारणारा मी ठरलो.

माझ्या हातावर भरवसा आहे म्हणतो. म्हणजे बंदूक चांगली होती हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे चाप त्यानेच ओढला. वर्षभर नुसता संशय होता, आज त्याच्याच तोंडून खात्री झाली.

येतो म्हणालो.

३ जानेवारी

अकिलाभाभीला सांगितलं, शेठबरोबर समुद्रावर जातोय. भाई गेल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट पुढे सरकवते आणि भिंतीकडे बघते. आज मात्र बोलली. "जा ना. त्याच्याशी तुमचं काय वैर? हात तर तुमचा होता."

कानशी कापडात गुंडाळल्या. या घरात मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही, म्हणून इथे लिहितो — मी त्याला मारायला जातोय.

९ जानेवारी, मुंबई

पोशेऱ्याचा ढवळूही आहे. शेठचा जुना शिकारी. त्या हाक्यातही शेठच्या शेजारीच होता. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, "एवढं पाणी, नि भाताचं एक रोप नाय."

माझी पेटी त्याने माझ्या हातातून ओढून घेतली, स्वतः गलबतावर चढवली. भाई गेल्यापासून हा असाच. कधी नागली आणून टाकतो, कधी मध. अख्ख्या मुलखात हा एकटाच मला दोष देत नाही.

१३ जानेवारी

शेठला समुद्र लागला. दिवसभर ओकत होता. आज जेवण गोड लागलं.

१९ जानेवारी

बेट दिसलं. बेट कसलं, वाळूची ओंजळ! माणूस नाही, झाड नाही. भोवती पाणी इतकं हिरवं आणि नितळ की नांगर तळाला टेकलेला दिसतो. आणि पाखरं — काळ्या पाठीची, पांढऱ्या पोटाची, हजारांनी. वाळूत अंडी, पाय ठेवायला जागा नाही. माणसाला भीतच नाहीत. अगदी जवळ गेलं तरी अंड्यावर बसून तोंडाकडे बघत राहतात. ओरडा एवढा की गलबताचा तांडेल शेजारी उभा राहून बोलला तरी ऐकू येईना.

शेठने दोन पाडली. मग बंदूक माझ्याकडे दिली, म्हणाला, "नको. पळत नाहीत, यात काय शिकार?" आणि दुर्बीण घेऊन वाळूत बसला. संध्याकाळपर्यंत.

पाखरांवर केवढी दया! माझा भाऊ तरी कुठे पळत होता?

२० जानेवारी

मार्ग सापडला.

बंदूक आपोआप सुटली म्हणाला होतास ना, शेठ? आपोआप सुटणारी बंदूक कशी असते ती तुला करून देतो. घोडा ज्या खाचेत अडकतो ती खाच थोडी घासायची. फार नाही. घोडा चढेल, चढलेला राहील, हातात धरून चालताना काही कळणार नाही. पण मागच्या लाकडी दस्त्याला धक्का बसला की निसटेल. तू जे खोटं सांगितलंस तेच खरं होऊन तुझ्या अंगात घुसेल.

विषापेक्षा हे बरं. विष कोणीही देतो.

२२ जानेवारी

दुसरं बेट. इथे नारळ आहेत, पण वस्ती नाही. सांजेला एक कासवीण वाळूवर आली. गाडीच्या चाकाएवढी. मागच्या पायांनी खड्डा काढला आणि अंडी घालू लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. खलाशी तिला उलटी करायला धावले, शेठने थांबवलं. ढवळू तिच्याजवळ उकिडवा बसून राहिला, बाळंतिणीजवळ बसावं तसा.

शेठ माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. विचारलं, तुझी भाभी बरी आहे का? म्हणालो, बरी आहे. तो पुढे काही तरी बोलणार होता. बोलला नाही.

ढवळूने ते पाहिलं. मागाहून म्हणाला, "शेठ वाईट नाय रं." मी त्याला म्हटलं, तुझा भाऊ मेला असता तर हे बोलला असतास का? खाली मान घालून निघून गेला. भोळा माणूस. त्याच्यावर तापायला नको होतं.

२४ जानेवारी

झालं. दुपारी सगळे ओहोटीच्या खडकांवर शिंपले वेचायला गेले होते. मी शिडाच्या सावलीत शेठची दुनळी बंदूक उघडली आणि खाच घासली. तेल लावलं, पुसली, त्याच्या जागेवर ठेवली. एवढं नाजूक काम मी आजवर केलेलं नाही. भाईने पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती — नाही, दिली नसती. लिहून गेलो. तसंच राहू दे.

२५ जानेवारी

आज शेठने बंदूक नेलीच नाही. दुर्बीण नेली. गलबतापुढे डॉल्फिन उड्या मारत होते, तो पोरासारखा टाळ्या वाजवत होता. मी काठाला धरून उभा. हस, म्हटलं. अजून हसून घे.

२६ जानेवारी

सकाळी मोठे मासे उथळ पाण्यात आलेत असं तांडेल म्हणाला. शेठने दुनळी घेतली. होडीतून मी, ढवळू, एक खलाशी. खडकाजवळ होडी लागली. घोडा चढवून, बंदूक उजव्या हातात उभी धरून शेठ उतरला, आणि तोल सावरायला त्याने दस्ता खडकावर टेकला.

सुटली.

कोपराच्या वरचं मांस उडालं. बंदूक पाण्यात गेली, तिथे खोल होतं. शेठ खडकावर बसला, उभ्याचा सरळ खाली. ओरडला नाही. माझ्याकडे बघत होता. मीही बघत होतो. वर्षभर मला हेच बघायचं होतं. डोळे वळवले नाहीत.

ढवळूने मुंडासं फाडून हात आवळला. तो रडत होता, आपल्या बोलीत काही तरी पुटपुटत होता. गलबतावर आणल्यावर शेठ तांडेलाला आणि सगळ्या खलाशांना ऐकवून म्हणाला, "माझा पाय घसरला. चूक माझी. बंदुकीत काही दोष नव्हता."

का म्हणाला? मागचं उकरून निघेल म्हणून. दुसरं काय असणार!

३० जानेवारी, मंगळूर

डॉक्टरने हात खांद्याखाली कापला. जगेल म्हणतात.

जगू दे. मरून सुटला असता. आता रोज सकाळी सदरा घालताना अब्दुल आठवेल. शेठला पाहायला गेलो नाही. बंदरावर माशांचा दर्प, त्यात उभा राहून पोटभर हसलो. खलाशी बघत होते. बघू देत.

२० फेब्रुवारी, जव्हार

घरी. शेठ मुंबईत आहे, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. भाभीला म्हणालो, ज्याच्या बंदुकीने भाई गेला त्याचा हात गेला, अल्लाने न्याय केला. भाभी भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "हात गेला ती बंदूकही तुम्हीच दुरुस्त केली होती ना?"

उपाशी निजलो.

२३ फेब्रुवारी

ढवळू आला. पोशेऱ्याहून चालत. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच बसला. जमिनीकडे बघून बोलला.

"हाक्याच्या दिशी बंदूक माझ्या हातात व्हती. शेठ पाणी प्यायला बसला व्हता. करवंदीची जाळी हालली, मला वाटलं डुक्कर, चाप वढला. शेठ बोलला, ढवळू, तू गप ऱ्हा, तुला फासावर देतील. मी सांगतो बंदूक आपोआप सुटली. आता दर्यानं माझ्या पापापायी शेठचा हात नेला. मला गप ऱ्हावत नाय."

तो उठून कधी गेला ते कळलं नाही.

भाभी दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि वर्षानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "माफ करा मला, मंसूरभाई. तुमचा हात साफ होता. चला, जेवून घ्या."