कॅलेंडरच्या क्रमाने ओमान

१५ सप्टेंबर, सोमवार
मस्कतहून कायमचा परत येऊन आठ महिने झाले. घरी बसवत नाही. फजरची नमाज झाली की हायवेपर्यंत चालत जातो, गोव्याच्या गाड्या बघतो, परत येतो. चहा. पुन्हा जातो. खांबसारख्या गावात माणसाने दिवसभर करायचं तरी काय? चोवीस वर्षं ओमानमध्ये कंपनीचं पाइपांचं स्टोअर सांभाळलेला माणूस मी. काल स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर लावले. हळद ए-१, मिरची ए-२. संध्याकाळपर्यंत जुबेदाने सगळे नंबर खरवडून काढले. बायकोला सिस्टिम पटत नाही, याला काय करणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
जुम्म्यानंतर मशिदीबाहेर कळलं, आणखी दोन घरं दुबईला निघाली. फिरायला. काय आहे दुबईत? काच. आणि शेजारी ओमान आहे, तिथे किल्ले, डोंगर, वाळवंट, कासवं, हिरवं पाणी, सगळं तसंच पडून. कुणी ढुंकून बघत नाही. चोवीस वर्षं तिथे राहिलेला माणूस समोर उभा असताना कुणी त्याला विचारतही नाही.
निर्णय: लतीफ टूर्स. मालक मी, मॅनेजर मी, गाइड मी. कोकणाला ओमान दाखवणार.

२० सप्टेंबर, शनिवार
स्थळं ठरवायला पाच मिनिटं लागली. कंपनी दरवर्षी कॅलेंडर काढायची, दर महिन्याला ओमानचं एक सुंदर ठिकाण. वर्ष बदललं तरी फोटो तेच. एक आमच्या हॉलच्या भिंतीवर आहे. एक तिकडे माझ्या बिछान्यासमोर होतं, त्यामुळे सगळं तोंडपाठ. जानेवारी निझवाचा किल्ला, फेब्रुवारी मुसंदमची खाडी, मार्च सलालाचे नारळ, एप्रिल वादी शाबच्या दरीतलं पाणी, मे जबल शम्सचा डोंगर. डिसेंबरला कंपनीचं गोडाऊन, मालकांच्या फोटोसह. ते स्थळ धरलेलं नाही.
टूर कॅलेंडरच्या क्रमानेच जाईल. लोकांना लक्षात ठेवायला सोपं.

२८ सप्टेंबर, रविवार
एसटीने पेणला गेलो. हरेशशेठकडे. त्यांचा गणपतींचा कारखाना. विसर्जन झालं की त्यांना जरा सवड असते. कारखान्यात नुसते साचे आणि चार बिनरंगाचे गणपती. हरेशशेठ आणि अनितावहिनी दोघेही उत्सुक. पासपोर्ट तयार आहेत, मुलाने काढून दिले.
वहिनींनी विचारलं, ही सगळी ठिकाणं तुम्ही स्वतः बघितलीत ना. गेलो नाही असं म्हणता येणार नाही. निझवाच्या रस्त्याने कंपनीचा ट्रक रोज जायचा आणि त्यातले पाइप मी मोजलेले असायचे. मी म्हटलं, वहिनी, चोवीस वर्षं काढलीत. मग त्यांनी विचारलं, वादी शाबला पाणी किती खोल असतं. मी म्हटलं, एप्रिल. त्यांना समजलं नाही. समजेल हळूहळू.

६ ऑक्टोबर, सोमवार
जुबेदा येणार. मी बोलावलं नव्हतं, पण स्टाफची गरज असतेच. लग्नानंतर तिने एकदाच विचारलं होतं, मला नेणार काय. तेव्हा फॅमिली व्हिसाचा प्रश्न होता. मग मुलीची शाळा होती. मग मुलीचं लग्न.
आज म्हणाली, "पयली तुमची खोली दाखवा. मग काय ते किल्ले."
मी समजावलं, खोलीत काय बघायचंय? टुरिस्ट खोल्या बघत नाहीत. ते स्थळ यादीत नाही. भाकऱ्या थापत राहिली. पटलं असावं.

१२ ऑक्टोबर, रविवार
नावेदला फोन केला. बहिणीचा मुलगा, मस्कतमध्ये नोकरीला, स्वतःची मोठी गाडी आहे. कार्यक्रम ऐकवला. तो आधी हसला आणि मग हसायचा थांबला. म्हणाला, मामू, तुमचा फेब्रुवारी वरच्या टोकाला आहे आणि मार्च खालच्या टोकाला, मधे पूर्ण देश आहे, आणि फेब्रुवारीत जायला दुसऱ्या देशातून जावं लागतं. आठ दिवसांत जास्तीत जास्त चार महिने होतील.
हल्लीच्या पोरांना मेहनत नको. त्याला सांगितलं, क्रम म्हणजे क्रम. तो म्हणाला, बघू.
रात्री भिंतीवरचं कॅलेंडर नकाशाशेजारी धरून बघितलं. नकाशा फार लहान छापतात.

२ नोव्हेंबर, रविवार
बुकिंगची परिस्थिती. बस भरेल असं वाटलं होतं. रोह्याच्या मुकादमांनी ऐन वेळी दुबई केली. कोलाडचे दोघे म्हणाले, ओमानला जायचं तर नातेवाईकांकडेच जाऊ, गाइड कशाला. आता हरेशशेठ, अनितावहिनी आणि जुबेदा. ग्रुप छोटा पण निवडक. मोठ्या ग्रुपमध्ये गाइडचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही.
पंधराला निघायचं. तिकिटं झाली. जुबेदाने नवीन चप्पल आणली आणि घरात घालून फिरते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
जबल शम्सची तयारी म्हणून अवचितगडावर सराव ठेवला. रोह्याचाच किल्ला आहे, डोक्यावर उभा असतो, पण कामधंद्याच्या माणसाला वर जायला वेळ कुठे मिळतो. कंपनीचे सेफ्टी शूज घातले. गडाच्या पायथ्याला, मेढ्याला रिक्षा थांबली. उतरताना डावा पाय खड्ड्यात. पुढचं आठवत नाही, म्हणजे आठवतं पण लिहिण्यासारखं नाही.
डोंगरावर अपघात झाला, एवढी नोंद पुरे.

१० नोव्हेंबर, सोमवार
रोह्यात एक्स-रे. हाड मोडलंय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, किती उंचीवरून पडलात. मी म्हटलं, गडावरून. रिक्षावाला शेजारीच उभा होता, त्याने हाताने उंची दाखवली. साधारण वीतभर.

१२ नोव्हेंबर, बुधवार
टूर रद्द करायला हवी, हे उघड आहे. गाइडशिवाय कसली टूर? जुबेदाला शांतपणे सांगितलं. ती बॅग भरत होती. कपड्यांची घडी मोडू न देता म्हणाली, "चोवीस वर्षं तुमी मला ठेवून जात होता. तवा कुनी रद्द केलं काय?"
यावर बरंच बोलता आलं असतं. पाय ठणकत होता म्हणून सोडून दिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गेले तिघे. पेणहून हरेशशेठ गाडी घेऊन आले होते. जुबेदा गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, गोळी जेवल्यावर घ्या. मी इतकी वर्षं निघायचो तेव्हा ती दारात उभी राहायची. आज दारात मी होतो, कुबड्यांवर. उभं राहायला जागा नीट सापडत नाही दारात.
टूर मी इथूनच चालवणार. खाट हॉलमध्ये ओढली, कॅलेंडरसमोर. फोन चार्जिंगला. सगळ्या सूचना व्हॉइस मेसेजने जातील.

१६ नोव्हेंबर, रविवार
पोचले. पहिल्याच दिवशी नावेदने क्रम मोडला आणि त्यांना थेट एप्रिलला नेलं. निषेध नोंदवला.
वादी शाब. आधी होडी, मग दगडांतून चालणं, मग पाणी. मी मेसेज केला की पाण्यात कुणी उतरू नये. उत्तर आलं तेव्हा जुबेदा कमरेइतक्या पाण्यात उभी होती. मेसेजमध्ये पाण्याचा आवाज, अनितावहिनींचा आवाज आणि जुबेदा हसत म्हणते, पानी लय गार हाय. तिचं असं हसणं कधी ऐकलं होतं ते आठवत बसलो. मेसेज पुन्हा लावला. आवाज तपासायला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
निझवा. मी आधीच कळवलं होतं की फोटो डावीकडून काढायचा, कॅलेंडरमध्ये तसाच आहे. जुबेदाने कळवलं, डावीकडे कचऱ्याचा डबा हाय. कॅलेंडरमध्ये डबा नाही. बहुतेक नंतर ठेवला असावा.
हरेशशेठनी किल्ल्याच्या भिंतीला हात लावून माती कुठली ते विचारलं म्हणे. मला विचारायला हवं होतं. मला माहीत नाही तो भाग वेगळा.
शेजारची चंद्रावती भाकरी आणि वालाची उसळ देऊन गेली. उसळ सुकी आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मेसेज नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मेसेज नाही. नावेद उचलत नाही. हरेशशेठचा फोन बंद. वाळवंटात असतील, तिथे नेटवर्क नसतं, हे गाइडला ठाऊक असतंच. तरी एक ओळ टाकायला काय होतं? मागे माणूस बसलेलं असतं, त्याचा जीव वरखाली होतो, एवढं कळू नये? मी चोवीस वर्षं दर शुक्रवारी फोन केला. एकदाही चुकलो नाही. रमजान सोडून. आणि स्टॉक-टेकिंग. आणि ओव्हरटाइम असेल तेव्हा.
चंद्रावती भाकरी घेऊन आली. मी फोन पोटावर ठेवून पडलो होतो. ती बघून म्हणाली, "जुबेदा पन असाच फोन मांडीवर घेऊन बसायची, शुक्रवारी. मी हाक मारली तरी उठायची नाय."
मी म्हटलं, मी नेटवर्क बघतोय.
भाकरी खाल्ली नाही. भूक नव्हती. सबंध दिवस हायवेवरच्या गाड्या ऐकल्या. एक इथे थांबल्यासारखी वाटली, पण ती खड्ड्यासाठी थांबली होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दुपारी मेसेज आला. वाळवंटातच होते, सुखरूप आहेत. अल्लाचे आभार. आता रागवायचं नाही असं ठरवलं.
मग दुसरा मेसेज. जुबेदाचा. "आज डिसेंबर बगितला."
खाली फोटो. गोडाऊनमागची आमची खोली. नावेदला पत्ता मी दिला नव्हता. जुबेदाला तोंडपाठ होता, लिफाफ्यांवर तिनेच घातलेला. आता तिथे दुसरी पोरं राहतात, बिहारची. त्यांनी तिला आत बोलावलं, चहा दिला, आणि माझा बिछाना कुठला ते तिने विचारलं तर एकाने आपल्या चादरी गोळा करून जागा करून दिली. फोटोत ती खालच्या बिछान्यावर बसलेली आहे, मान वाकवून, कारण वरचा बिछाना डोक्याला लागतो. मी मान वाकवायची सवय लावून घेतली होती.
समोरच्या भिंतीवर या वर्षाचं कॅलेंडर. त्याशिवाय भिंतीवर काही नाही.
तिसरा मेसेज आवाजाचा. बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो. मग ती म्हणते, "आवो, हितल्या खिडकीतनं तर कायच दिसत नाय."
खिडकीतून पलीकडच्या गोडाऊनची भिंत दिसायची. तसं मी तिला तेव्हा कळवायला हवं होतं का? खिडकीतून काय दिसतं असं तिने विचारलं की मी डोंगर सांगायचो. शम्सचा. तो त्याच दिशेला आहे, भिंत नसती तर दिसलाही असता.
अंगठा पाठवला.

२३ नोव्हेंबर, रविवार
आले. जुबेदा काळवंडली आहे आणि चालते भराभर. खजूर आणि लोबान आणलाय, अनितावहिनींनी चांदीची डबी घेतली म्हणे. मला खोलीतल्या पोरांनी सलाम पाठवलाय.
संध्याकाळी अर्धं खांब ओट्यावर. सगळ्यांचे प्रश्न जुबेदाला. पाणी कसं, वाळू कशी, कासवं केवढी. ती सांगत होती आणि लोक ऐकत होते. मी दोनदा दुरुस्ती करायला तोंड उघडलं, पण दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. शेवटी कुणीतरी विचारलं, लतीफभाई सांगायचे तसंच हाय काय सगळं.
मी प्लास्टरकडे बघितलं.
जुबेदा म्हणाली, "तसंच हाय. ह्यांनी सांगितलं तसंच."
आपल्या माहितीचा दर्जा यातून सिद्ध होतो. का कोण जाणे, हातातला खजूर मी परत ठेवून दिला.
लोक गेल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माळ्यावर टाकलं. म्हणाली, धूळ बसलेली. खोलीबद्दल एक शब्द बोलली नाही. मी वाट बघतोय. बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी, रविवार
अवचितगड. कल्पना जुबेदाची. ती आणि चंद्रावती, आणि वाट दाखवायला मी, काठीसह. दोघींना रिक्षातच सांगून ठेवलं होतं की वाट मला ठाऊक आहे. मेढ्याला नीट उतरलो. उजवा पाय आधी.
पहिल्या चढालाच पाय बोलायला लागला. एका झाडाखाली बसलो आणि त्यांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी इथून लक्ष ठेवतो. दोघी गेल्या. पोरींसारख्या बडबडत गेल्या. थोड्या वेळाने आवाजही येईना.
मग फोन वाजला. जुबेदा, धापा टाकत. पोचलो म्हणाली. वारा एवढा की निम्मं ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, काय काय दिसतं तिथनं.
ती म्हणाली, "तुमीच सांगा की. तुमाला म्हाईत असतंय ना."
सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. पण हा गड कुठल्याच महिन्यात नव्हता. साठी आली, जन्म याच्या पायाशी झाला, आणि वरून काय दिसतं ते मला कुणी छापून दिलेलं नाही.
"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तू सांग."
मग ती सांगायला लागली. खाली रोहा दिसतं, कुंडलिका वळत वळत जाते, पाणी चमकतंय, पुलावरून एक एसटी चाललीय मुंगीएवढी. घाई न करता सांगत होती, एकेक. मी झाडाला टेकून फोन कानाशी धरून बसलो. मधेच तिने विचारलं, "ऐकताय ना?"
मी म्हटलं, "व्हय."