घोड्याच्या मुठीचा चाकू

३ सप्टेंबर १९७४

रोजच्या चाकूची मूठ फुटली! लोहाराकडे टाकला. भिंतीवर अजून त्रेचाळीस आहेत, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं — हा माशांचा, तो अळंब्यांचा, तो नुसता लोण्याचा. लोक म्हणतात, विधवा बाईला एवढे चाकू कशाला? वापरायला! पुसून मांडून ठेवायला मी म्युझियम उघडलेलं नाही. चांगलं पातं बर्चच्या ओल्या लाकडात शिरलं की माझा दिवस बरा जातो.

कमरेला म्यान रिकामंच बांधून फिरतेय. सवय.

७ सप्टेंबर

शनिवारचं वाफेचं न्हाणं, नेहमीसारखं शेजारच्या ओइवाकडे. मी आधी, मग तो. बाहेर येऊन खुंटीवरचा पट्टा बांधला तर जड! म्यानात ओइवाचा चाकू — मुठीवर पितळी घोड्याचं डोकं, त्याच्या आजोबांनी घडवलेला. अकरा वर्षं मागतेय. दर वेळी एकच उत्तर — "मी मेल्यावर घे." शेवटी नरमला म्हातारा! आभारसुद्धा न मानता घरी आले. विचार बदलला असता तर?

९ सप्टेंबर

काय धार आहे! सहा मासे साफ केले, एक चमचा कोरला.

११ सप्टेंबर

धाकटी बहीण लेंपी आली. चाकू बघून हातातली कॉफी सांडली तिने.

"अगं ताई, रिकामं म्यान बांधून त्याच्या दारात गेलीस? लग्नाच्या पोरी जायच्या तशी?"

"ते आजीच्या वेळचं!"

"आणि ओइवा कुठल्या वेळचा? रिकाम्या म्यानात चाकू घातला म्हणजे मागणी घातली. आठवड्यात परत नाही केलास तर होकार झाला, बाई!"

कपाळावर हात मारला. छप्पन्नाव्या वर्षी! मला चाकू हवा होता, नवरा नको. एक करून झालाय. शनिवारी परत देणार म्हणजे देणार.

लेंपी गेल्यावर रडू आलं. चाकूसाठीच.

१४ सप्टेंबर

गेले. चाकू टेबलावर ठेवणार, तेवढ्यात त्याने कॉफी ओतली आणि राय धान्याचा काळा पाव हातानेच मोडायला लागला. पार कडक झालेला.

"चाकूने काप की रे!"

"एकच होता," म्हणाला. वर बघितलं नाही.

आठवडाभर असाच खात होता!

पाव मी कापला. उद्याही मीच कापणार आहे.