दुर्बिणीतली फुली

२ ऑक्टोबर १९८१
आले एकदाची दोह्याला. विमानातल्या पोरीनं सँडविच दिलं, चव ओल्या पुठ्ठ्याची. थोरला जालिंदर घ्यायला आला होता. पोट सुटलंय, म्हणजे सून पारू खाऊ घालते, माझी तक्रार नाही. घर सूक वाकिफच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागं. खाली युसुफचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान, जालिंदर तिथंच कामाला, वर आम्ही. नात नीताला मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिला म्हटलं, बाई, शिव्या देत असलीस तर तशाच दे, मला कळायच्या नाहीत. वारा छान येतो. मजेत आहे.

धाकटा श्याम याच गावात गेला. मागल्या वर्षी इंडस्ट्रियल एरियात क्रेनचा वायररोप तुटला आणि लोखंडी तुळई अंगावर आली. विरलेल्या वायररोपाखाली त्याला उभं केलं सुपरवायझर राजाभाऊनं. नाशिकचा, आपलाच. श्यामची पेटी घेऊन तोच गावी आला होता, तेव्हा तोंड नीट बघून ठेवलंय. मी इथं फिरायला आलेले नाही.

५ ऑक्टोबर
दुकानात एका म्हाताऱ्या अरबाची थ्री नॉट थ्री आलीय, दुसऱ्या महायुद्धातली. तिला शिकारीची दुर्बीण बसवायचीय. जालिंदरनं वर भोकं पाडली, आटे कापले, दुर्बिणीचा पाया आवळला. मग बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी उडत नाही तो दांडा, काढून बंदूक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. उघड्या नळीतून आरपार बघायचं, लांबच्या पाण्याच्या टाकीवरचा पांढरा ठिपका मधोमध आणायचा. मग स्क्रू फिरवून दुर्बिणीतली फुलीही त्याच ठिपक्यावर. म्हणजे नळी बघते तिकडंच दुर्बिणीनं बघायचं. मी म्हटलं, मग ही जोडी नवराबायकोची नव्हे. जालिंदरनं ते हिंदीत सांगितलं तर युसुफ खोकला लागेस्तोवर हसला.

७ ऑक्टोबर, खंडेनवमी
दुकानातली हत्यारं पुजली. कानशी, ड्रिल, पाने, आणि व्हाइसमधली ती बंदूकही. पारू कुजबुजली, आत्या, परक्याची आहे ती. तिला म्हटलं, हत्याराला धनी नसतो, हात असतो. कुंकू लावताना मनात मागितलं, ज्यानं माझ्या श्यामचा जीव घेतला त्याला सोडू नको. नाव घेतलं नाही. देवाला काय पत्ता सांगावा लागतो?

८ ऑक्टोबर, दसरा
फुली ठिपक्यावर राहत नाही. जालिंदर बसवतो, पाणी प्यायला जातो, येऊन बघतो तर ती समोरच्या चहाच्या दुकानावर. म्हणतो, आटे ढिले असतील. तिथं शुक्रवारी कोण बसतं ते त्यानंच मला पहिल्या दिवशी दाखवलं होतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
दुर्बिणीला डोळा लावला. चहाच्या दुकानात राजाभाऊ बिस्किट बुडवत होता. फुली कपाळावर. त्याच्या मागं श्याम उभा, डोक्याला पिवळं हेल्मेट, माझ्याकडं बघत. मी म्हटलं, हो.

आवाज झाला नाही. राजाभाऊनं टेबलावर डोकं टेकलं. कपाळाला भोक. बोल्ट युसुफच्या कपाटात, कुलपात. नळीला बोट लावलं तर भाजलं.

संध्याकाळी शिरा केला. दोनदा घेतला.

११ ऑक्टोबर
पोलीस आले. बिनबोल्टाची बंदूक बघून गेले.

जालिंदर जेवत नाही. दुपारी माझ्यापुढं बसला आणि सांगितलं. तेव्हा तो त्याच कंपनीत होता, वायररोप तपासायचं काम त्याचं. तारा तुटलेल्या दिसल्या होत्या. राजाभाऊ म्हणाला, यल्ला, चल लवकर, काम थांबलंय. यानं ठीक आहे म्हणून मान हलवली. खाली भाऊ उभा राहणार हे ठाऊक नव्हतं, म्हणतो.

मनात एवढंच आलं, मग तूही.

१२ ऑक्टोबर
व्हाइस कुणी फिरवला नाही. युसुफनं नाही, जालिंदरनं नाही. नळीचं तोंड आत. लेथकडं. जालिंदरच्या स्टुलाकडं.

दुर्बिणीच्या काचेत त्याची मान. पलीकडं श्याम.

तसं नव्हतं मागितलं मी. की तसंच —

१३ ऑक्टोबर
सगळं सांगितलं जालिंदरला. अल सद्दला मित्राकडं जा म्हटलं. जात नाही. म्हणतो, आई, लागू दे.

मूर्ख. दोघंही बापावर गेलेत.

दुर्बीण मीच काढली, पेचकस घेऊन. नळी तिकडंच. व्हाइस उघडत नाही. युसुफनं हातोडा मारला, दांडा तुटला, त्यानं दुकानाचं दार ओढलं आणि गेला —

१४ ऑक्टोबर
दुपार. सूक बंद. पारूला, नीताला बाहेर पाठवलं.

जालिंदर स्टुलावर बसलाय. उठत नाही. मी मधे खुर्ची टाकलीय. नळी पाठीला. वही मांडीवर घेऊन लिहितेय.

श्याम, तो तुझा भाऊ. तुला खांद्यावर घेऊन शाळेत न्यायचा. मी मागितलं ते मी परत घेते. ऐकतोस ना —

जालिंदर म्हणतो, आई बाजूला हो. होत नाही जा.

आता माझ्या खांद्यावरून मागं बघतोय. कुणाला तरी ओळखून हसला.

मी वळणार नाही. श्याम, बाळा, आधी तुझी आई आहे मधे, तिला —