तिसऱ्या पाण्यात मूठभर

६ मार्च, गुरुवार

नमुना चौदा तडकला. अकरा तास टिकला. सर्वांत लांब भेग चौदा सेंटिमीटर. फोटो काढले, मोजमाप लिहिलं, पुण्याला पाठवलं.

मामा — आत्यांचे यजमान, सिद्रामप्पा — कमरेवर हात ठेवून भेगांकडं बघत होते. त्यांच्याच टरबुजाच्या रानात आमच्या कंपनीची चाचणी चालू आहे. म्हणाले, "पुण्याहून लोहाऱ्यापतूर हे फाटायला आनलं व्हय?" प्रश्न बरोबर होता.

आम्ही मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकायला अंथरतात तो कागद, बनवतोय. प्लास्टिकचा नाही, स्टार्च आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा. पीक निघालं की मातीत विरघळून जावा असा. विरघळतो उत्तम. त्याआधी टिकत नाही, एवढीच अडचण.

निघताना कृष्णराज सर म्हणाले होते, "जो कोणी हे तडकणं थांबवेल, त्याचं नाव पेटंटवर." मागच्या पेटंटच्या दोनशे बारा चाचण्या मी केल्या. त्यावर चौघांची नावं आहेत, माझं नाही. चाचणी म्हणजे शोध नव्हे. कायद्यानं बरोबर आहे.

या वेळी मला माझं नाव हवं आहे. हे वाक्य कुणापुढं बोलणार नाही, म्हणून इथं.

७ मार्च, शुक्रवार

आत्यांच्या घरात नेट एकाच जागी धड येतं: स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांशेजारी. त्यामुळं ऑफिसच्या सगळ्या मीटिंगा तिथंच. कॅमेरा बंद ठेवते — नेट वाचतं, आणि मागं फोडणी दिसत नाही.

कंपनीनं नवीन सोय घेतली आहे. कॉल आपोआप रेकॉर्ड होतो आणि यंत्र त्याचा वृत्तान्त लिहून सगळ्यांना पाठवतं. सुरुवातीला एक बाई सांगते, "हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे."

आत्या लगेच लाटणं थांबवून — "कोन ही?"

"यंत्र आहे, आत्या."

"मंग मला कामून सांगतीया? म्या काय चोरी केली?"

संध्याकाळी वृत्तान्त आला. पुढील कामं: फिल्मचं ताणबल मोजणे — जबाबदारी हर्षाली. म्हैस सुटून आलीय ती बांधणे — जबाबदारी हर्षाली.

सरांचा गटावर संदेश: "म्हैस म्हणजे कुठला नमुना?"

११ मार्च, मंगळवार

नमुना पंधरा. नऊ तास. प्रगती आहे, दिशा उलटी आहे.

१५ मार्च, शनिवार

घरात कुरडयांचा हंगाम. गहू भिजलेत. आत्यांच्या कुरडया अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध — पांढऱ्याशुभ्र, वाळताना एकही तडकत नाही. शेजारच्या द्वारकाबाईंच्या तडकतात. त्या तीस वर्षं युक्ती विचारतायत, आत्या तीस वर्षं सांगत नाहीत. दोघी रोज एकत्र चहा पितात.

तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना आत्या सगळ्यांना बाहेर काढून आतून कडी लावतात. आज मलाही काढलं. लॅपटॉपसकट! मी म्हणाले, "माझी मीटिंग आहे." म्हणाल्या, "मपली बी हाय."

अंगणात उभी राहून मीटिंग केली. दोन काड्या नेट. मला त्या बाईंबद्दल आदर वाटला. गुपित असं ठेवतात.

१८ मार्च, मंगळवार

आजच्या कॉलमध्ये सर भेगांबद्दल बोलत होते, तेवढ्यात मामांनी छतावरून हाक मारली — तिथं वाळत घातलेला नमुना सोळा उडून द्वारकाबाईंच्या पत्र्यावर. लॅपटॉप तसाच सोडून धावले. परत आले तर कॉल संपलेला. सोळा सापडला. तडकलेला.

सरांचा संदेश: "फारच छान! लगेच करून बघतो." काय छान ते विचारलं नाही. कुणी खूष असेल तर मी चौकशी करत नाही.

२४ मार्च, सोमवार

सरांचा फोन. सकाळी सात वाजता, म्हणजे गंभीर.

"अठ्ठेचाळीस तास दिव्याखाली! एक भेग नाही! हर्षाली, तुला हे सुचलं कसं?"

"कुठलं, सर?"

"भेंडीचं गं!"

सर सुटलेले. मी सांगितल्याप्रमाणं स्टार्च तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, तिसऱ्या पाण्यात मूठभर भेंडीची देठं फडक्यात बांधून सोडली. ते बुळबुळीत पाणी स्टार्चला लवचीक ठेवतं, हे त्यांना बघताक्षणी पटलं. "पेटंटवर तुझं नाव पहिलं. ठीक?"

मी म्हणाले, "हं."

फोन कंपनीच्या खात्यावरून, म्हणून हा कॉलही रेकॉर्ड होत होता. वृत्तान्तात लिहिलंय: हर्षाली यांनी आनंदाने संमती दिली. मी आनंदाने काहीही म्हटलेलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

अठरा तारखेचं रेकॉर्डिंग ऐकलं. तीन वेळा.

एकतीस मिनिटं चाळीस सेकंद. सर: "हर्षाली, ऐकू येतंय का? हे तडकू नये म्हणून काय करावं, तुझं मत?" नंतर माझी चप्पल जिन्यावर. नंतर लांबून आत्यांचा आवाज, खणखणीत:

"तीन दिस भिजवा. रोज पानी बदला. तिसऱ्या पान्यात मूठभर भेंडीची देठं, फडक्यात बांधून. बास."

मग: "जेवलात का, साहेब?"

खातं माझं, म्हणून यंत्रानं सगळं माझ्या नावावर घातलं, शुद्ध मराठीत. सरांना वाटलं मी गावाकडं येऊन गावचं बोलायला लागले.

म्हणजे मी जिन्यावर होते तेव्हा माझ्या आत्यांनी, तीस वर्षं राखलेलं गुपित, एका परक्या माणसाला चौदा सेकंदांत सांगून टाकलं. आणि ते माझं झालं.

कुणालाही काही बोलले नाही.

२७ मार्च, गुरुवार

पुण्यात दुसरा घाणा बिघडला. सरांनी फोटो पाठवला. त्याला शास्त्रीय शब्द नाही, शेंबूड आहे.

कारण समजायला वेळ लागला नाही. पहिल्या वेळी मूठ प्रयोगशाळेतल्या मुलीची होती. दुसऱ्या वेळी उत्साहात सरांची. सर पूर्वी कबड्डी खेळायचे.

मूठ हे एकक नाही. पण मूळ मूठ मोजायला हवी. आत्यांना कारण न सांगता दिवसभर दहा वेळा मूठभर शेंगदाणे मागितले. प्रत्येक वेळी छतावर नेऊन वजन केलं. सरांनाही पुण्यात मूठभर शेंगदाणे तोलून आकडा पाठवायला लावला. आत्यांची मूठ म्हणजे सरांच्या मुठीच्या बासष्ट टक्के. मामा म्हणाले, "हिला पुन्यात खायला देत न्हाईत का?"

हिशेब बसला. छतावर शेगडी, काटा, काचेचे ट्रे आहेत. उद्यापासून सात वेगवेगळी प्रमाणं.

शेंगदाणे मी खाल्ले. पुरावा ठेवायची सवय असली, तरी.

३ एप्रिल, गुरुवार

नमुना तेवीस. देठांचं प्रमाण शून्य दशांश आठ टक्के. तीन दिवस उन्हात, पारा एकोणचाळीसवर. भेग नाही. मामा त्यावरून चालून गेले. मुद्दाम. तरी नाही!

आनंद झाला. नोंद म्हणून.

रात्रभर विचार करायचा नव्हता, म्हणून दुपारीच सरांना सगळं सांगितलं. कल्पना माझी नाही, गिरिजाबाईंची आहे. सर म्हणाले, "कोण गिरिजाबाई?"

"ज्यांनी तुम्हाला जेवलात का विचारलं."

सरांनी पेटंटचं काम बघणाऱ्या उमादेवी मॅडमना कॉलवर घेतलं. त्यांचा आवाज शांत, मला आवडला. म्हणाल्या: कल्पना ज्याची, त्याचं नाव आधी. प्रमाण तुम्ही काढलंत, म्हणून तुमचं नाव दुसरं. खोटं नाव टाकलं तर पुढं सगळं पेटंट रद्द होऊ शकतं, बरं झालं बोललात.

दुसरं नाव. चालेल. मला ते पहिल्यापेक्षा जास्त माझं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "पण या बाईंच्या घरात हे परंपरेनं चालत आलं असेल, गावातल्या बायका करत असतील, तर हा शोधच नाही. पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. मग कुणाचंच नाव नाही. भिजवणं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. प्रश्न भेंडीचा आहे."

चौकशी करून बुधवारपर्यंत कळवायचं आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

आत्यांना सांगायला बसले. "तुमची कुरडईची युक्ती आमच्या कामाला आली. ती तिसऱ्या पाण्यातली —"

आत्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला. माझ्या. "नाव घिऊ नगं! भितीपल्याड द्वारका हाय!"

मग कुजबुजत — "त्या मशिनीनं बघितलं?"

"ऐकलं."

"बया! कडी लावली व्हती की गं म्या!"

पेटंट म्हणजे काय ते समजावलं. सरकारला गुपित लेखी द्यायचं, त्याबदल्यात वीस वर्षं दुसरं कुणी ते वापरू शकत नाही. अठरा महिन्यांनी सरकार ते छापतं.

"छापतं? मंग द्वारकीला कळंल!"

"त्या पेटंटचं जर्नल वाचत नाहीत, आत्या."

"तू तिला वळखत न्हाईस."

जगातल्या सगळ्या कंपन्यांपासून वीस वर्षांचं संरक्षण मी देऊ शकते. द्वारकाबाईंपासून नाही.

आत्या नको म्हणाल्या. लॅपटॉपवर टॉवेल टाकून वर परात उपडी घातली.

५ एप्रिल, शनिवार

परात काढली. पुन्हा घातली गेली.

७ एप्रिल, सोमवार

आत्यांनी हो म्हटलं नाही, पण चौकशी तरी करायला हवी. नेमकं कळेल असं विचारून चालणार नव्हतं. म्हणून प्रश्नात सहा भाज्या ठेवल्या: वांगं, गवार, दोडका, भेंडी, घोसाळं, शेवगा. क्रम दर वेळी बदलला. प्रश्न एकच — "कुरडईच्या गव्हात यातलं काही घालतात का?"

दोन दिवसांत एकोणीस बायका. एकोणीस वेळा "न्हाय". त्यातल्या चौघींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. एकीनं देवीचा अंगारा दिला. बाजारात जुड्या बांधणाऱ्या म्हातारीनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "लई शिकल्यावर असं व्हतं का गं?"

द्वारकाबाई विसाव्या. त्या हसल्या नाहीत. डोळे बारीक करून म्हणाल्या, "पुन्हा सांग. सावकास. कोनकोनत्या भाज्या?"

चूक झाली. मोठी.

८ एप्रिल, मंगळवार

अर्थातच द्वारकाबाई चहाला आल्या. मी डब्यांशेजारी, काम करत असल्यासारखी.

"गिरिजे, कुरडईत दोडका घालतीस व्हय?"

आत्या हसल्या. "येडी झालीस का?"

"घोसाळं?"

हसल्या.

"वांगं? शेवगा? गवार?"

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. एकच राहिली होती.

"मंग भेंडी!"

आत्या तशाच हसल्या. अगदी तशाच. चेहऱ्यावर काडीचाही फरक नाही. इतकं कसलेलं नाटक मी आजवर पाहिलेलं नाही. द्वारकाबाई कपबशी आपटून गेल्या.

मी मनातल्या मनात उभं राहून नमस्कार केला. गुपित तर शाबूत आहे. आता आत्या हो म्हणतील का, एवढंच. नाही म्हणाल्या तर अर्ज करणार नाही. सरांना आजच कळवलं. माझं दुसरं नाव गेलं तर गेलं. ज्याचं गुपित त्याचं.

९ एप्रिल, बुधवार

ते नाटक नव्हतं.

सकाळी आत्या म्हणाल्या, "द्वारकी भेंडी म्हनली! कुरडईत! बुळबुळ न्हाय का व्हनार?" मी म्हणाले, तुम्हीच सांगितलंत, सरांना, अठरा तारखेला. आत्या थांबल्या. आठवलं. मग ओट्याला धरून खाली बसल्या, हसून हसून.

"अगं, त्या साहेबानं इचारलं! मपली इद्या त्याला कामून सांगू? समोर भेंडी चिरत व्हते, म्हनलं भेंडी!"

खरं काय घालतात ते मलाही सांगितलं नाही. अर्जावर मात्र हसतहसत सही केली.

उमादेवी मॅडमना सगळं कळवलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग: "कल्पना देणाऱ्याचा तिच्यावर विश्वास असावा, असं कायद्यात कुठं म्हटलेलं नाही. नावं दोन्ही राहतील." मग पान उलटल्याचा आवाज. "आजवर कुणीही, कुठंही, कुरडईत भेंडी घातलेली नाही, असं लेखी देऊ शकाल?"

देऊ शकते. आत्यांनीसुद्धा नाही.